कुरणात शाळा भरवणाऱ्या ताराबाई



आपल्या भित्तिपत्रकात या वेळी प्रत्येकाने एका थोर माणसाची माहिती लिहायची आहे. आमच्या वर्गातल्या चौघांनी शिवाजी महाराज घेतले, तिघींनी सावित्रीबाई घेतल्या. मी ताराबाई मोडक घेतल्या. मला पुष्कळ जणांनी विचारलं, की या कोण? खरं सांगायचं तर पावसाळा सुरू झाला तोपर्यंत मलापण माहीत नव्हतं. म्हणून आधी त्या मला कशा सापडल्या ते सांगते आणि मग त्यांचं चरित्र सांगते.

आपलं गाव पनवेल तालुक्यात, नवी मुंबईच्या कडेला आहे. आपल्या मैदानातून एका बाजूला कर्नाळ्याचा सुळका दिसतो आणि दुसऱ्या बाजूला नवी मुंबईच्या उंच उंच इमारती दिसतात. मागच्या टेकडीवर कातकरी लोकांची वाडी आहे. त्या वाडीतली एक मुलगी माझ्या वर्गात आहे. ती शेवटच्या ओळीत बसते. दिवाळी झाली की तिचे आईवडील वीटभट्टीवर कामाला जातात आणि तिलाही घेऊन जातात. मग ती पावसाळ्यापर्यंत शाळेत येत नाही. त्यामुळे तिला जोडाक्षरं नीट येत नाहीत. शुद्धलेखन तपासताना तिच्या वहीत लाल खुणाच फार असायच्या. आम्ही काही मुली हसायचो. मीपण हसायचे. हे लिहायला मला लाज वाटते, पण बाई म्हणतात खरं तेच लिहावं.

श्रावणात बाईंनी परिसर अभ्यासाचा तास टेकडीवर घेतला. आम्ही दोन दोनच्या रांगेत निघालो, पण पायवाट सुरू झाली आणि रांग मोडली. ती सगळ्यांच्या पुढे गेली. वाटेत जे दिसेल त्याचं नाव ती सांगत होती. हा कुर्डू, हा टाकळा, ही भारंगी. या वेलाला करटोली लागतात. पावसाच्या सुरवातीला शेवळं उगवतात, ती नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून त्यात आंबट काकडं घालतात. मी एका वेलाचं छान पट्ट्यापट्ट्यांचं फळ तोडलं. ते तिनं माझ्या हातातून घेतलं आणि फेकून दिलं. ते कडू पडवळ होतं, खायचं नसतं. मला पुस्तकातली पानाची आकृती पाठ होती. देठ, शीर, पाते सगळं पाठ होतं. पण समोरचं एकपण पान ओळखता येत नव्हतं.

वर वाडीत तिची आजी ओट्यावर बसली होती. आजीने आम्हाला गोष्ट सांगितली. कातकरी लोक असं मानतात, की रामाला लंकेच्या लढाईत ज्या वानरांनी मदत केली ते त्यांचे पूर्वज. ती गोष्ट सांगताना आजी हातांनी झाडं दाखवत होती, त्यामुळे लढाई आपल्याच टेकडीवर झाली असं वाटत होतं. मग आजीने एक खैराचं झाड दाखवलं. पूर्वी कातकरी लोक खैराचं लाकूड उकळून कात काढायचे. कात करणारे ते कातकरी. मी विड्यात कात घालताना पाहिला आहे, पण तो झाडातून येतो आणि माझ्या मैत्रिणीच्या जातीचं नाव त्यातून आलं आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

खाली येताना मी बाईंना विचारलं, की अशी शाळा रोज का नसते? बाई म्हणाल्या, होती. आपल्याच भागात, समुद्राच्या काठाकाठाने वर डहाणूला गेलं की तिथे होती. ती ताराबाई मोडक यांनी काढली होती. दुसऱ्या दिवशी बाईंनी मधल्या सुट्टीत मला त्यांची सगळी माहिती सांगितली. मी ती वहीत लिहून घेतली आणि इथे माझ्या भाषेत लिहिली आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. त्यांचं माहेरचं आडनाव केळकर. त्यांचे वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचं काम करीत. त्या काळी मुलींना शिकवायला लोक तयार नसत. पण ताराबाईंच्या घरी तसं नव्हतं. त्या खूप शिकल्या आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. माझी पणजी शाळेची पायरीसुद्धा चढली नव्हती. त्याच्याही आधी ताराबाई पदवीधर झाल्या होत्या.

पुढे त्यांचं लग्न अमरावतीच्या मोडक वकिलांशी झालं. त्यांना एक मुलगी झाली. पण संसार सुखाचा झाला नाही आणि १९२१ साली त्या वेगळ्या झाल्या. शंभर वर्षांपूर्वी बाईमाणसाने असं एकटं राहणं फार कठीण होतं. लोक नावं ठेवायचे. पण ताराबाई रडत बसल्या नाहीत. त्यांनी गुजरातमध्ये राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजात मुख्य म्हणून काम केलं.

तिथून त्या भावनगरला गेल्या. भावनगरला दक्षिणामूर्ती नावाची संस्था होती. तिथे गिजुभाई बधेका लहान मुलांची शाळा चालवीत. गिजुभाई आधी वकील होते. मग वकिली सोडून ते मुलांत रमले. त्यांना मोठ्या मिशा होत्या आणि मुलांवर त्यांची आईसारखी माया होती, म्हणून गुजरातमध्ये लोक त्यांना मिशीवाली आई म्हणत. हे ऐकून आमचा सगळा वर्ग खूप हसला.

त्या काळी शाळेत छडी असायची. घोकायचं आणि मार खायचा, असं शिक्षण होतं. तेव्हा इटली देशात मारिया माँटेसरी नावाच्या एक डॉक्टर बाई होत्या. त्यांनी १९०७ साली रोम शहरात गरीब वस्तीतल्या लहान मुलांसाठी शाळा काढली होती. मूल हाताने काम करत करत स्वतः शिकतं, मोठ्यांनी त्याला मारायचं नाही, नुसतं मदत करायची, असं त्या मानत. गिजुभाईंना आणि ताराबाईंना हे पटलं. दोघांनी मिळून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. शिक्षणपत्रिका नावाचं मासिकही चालवलं, म्हणजे आईबापांनाही कळावं की मुलांशी कसं वागायचं. मला वाटतं आपलं भित्तिपत्रक पालक वाचतात तसंच ते असणार, फक्त ते छापलेलं होतं.

पुढे ताराबाई मुंबईला आल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केलं. ते चांगलं चाललं. पण ताराबाईंच्या मनात एक गोष्ट सलत होती. ही शाळा शहरातल्या मुलांची होती. माँटेसरी पद्धतीचं सामान महाग असतं. खेड्यातल्या गरीब मुलांनी काय करायचं? गांधीजीही सांगत होते की शिक्षण खेड्यात गेलं पाहिजे आणि ते हाताच्या कामातून झालं पाहिजे. मग ताराबाईंनी ठरवलं की आपण खेड्यात जायचं.

१९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. बोर्डी हे डहाणूजवळचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथले चिकू प्रसिद्ध आहेत. तेव्हा बोर्डी ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४ सालापासून ते पालघर जिल्ह्यात आहे. तिथे ताराबाईंनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. त्याच वर्षी त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं आणि सहा महिन्यांतच त्यांचे पती वारले होते. तरी त्या शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. तेव्हापासून ताराबाई आणि अनुताई या गुरू-शिष्या शेवटपर्यंत एकत्र राहिल्या.

बोर्डीला शाळा तर काढली, पण गरीब वस्तीतली मुलं येईनात. मग या दोघींनी काय केलं? त्या मुलांच्या घरी गेल्या. मुलांना आंघोळी घातल्या, केस विंचरले. तरी काही मुलं शाळेपर्यंत येत नसत, तेव्हा त्यांनी वस्तीत जाऊन अंगणातच शाळा भरवली. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. मित्रांनो, आपल्या मारुतीच्या देवळाशेजारी जी अंगणवाडी आहे, जिथे माझा धाकटा भाऊ खिचडी खायला पळतो, ते नाव तिथून आलं आहे. सरकारने २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि मग अंगणवाड्या देशभर झाल्या.

महाग सामानाचं काय केलं तेही सांगते. त्यांनी सामान विकत घेतलंच नाही. शंख, शिंपले, खडे, बिया, पानं, माती, काड्या हेच त्यांचं सामान. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला फुलं आणि लहानमोठं समजायला दगड. आपल्याकडे तर हे सगळं फुकट आहे.

१९५७ साली ताराबाई बोर्डी सोडून कोसबाडच्या टेकडीवर राहायला गेल्या. मी वजाबाकी केली. १९५७ वजा १८९२ म्हणजे ६५. माझी आजी ६५ वर्षांची आहे. ती आपल्या शाळेच्या चार पायऱ्या चढताना दोनदा थांबते. आणि ताराबाईंनी त्या वयात टेकडीवर नवीन संसार मांडला. तोही स्वतःसाठी नाही, वारली मुलांसाठी.

कोसबाडच्या आजूबाजूला वारली लोकांचे पाडे आहेत. ते लोक तांदळाच्या पिठाने भिंतीवर चित्रं काढतात. लग्नात बायका भिंतीवर चौक काढतात आणि त्यात पालघाट देवी काढतात. धान्याच्या देवीला ते कणसरी म्हणतात. सुक्या भोपळ्याचा तारपा वाजवून गोल नाचतात. त्या चित्रांत झाड, पाखरू, नांगर, मुंगी सगळं असतं. जिव्या सोमा मशे हे वारली चित्रकार त्याच डहाणू तालुक्यातले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे तिथल्या मुलांना काही येत नव्हतं असं नाही. पुष्कळ येत होतं, फक्त ते पुस्तकात नव्हतं.

पण ती मुलं शाळेत येत नसत. कारण सकाळ झाली की गुरं आणि शेळ्या घेऊन रानात जायचं. मुलींना लहान भावंडं सांभाळायची. आईबाप शेतावर किंवा गवत कापायला गेलेले. शाळेत गेलं तर शेळ्या कोण सांभाळणार? दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, की या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. ताराबाईंनी तसं म्हटलं नाही. त्यांनी विचार केला, की मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे गेलं पाहिजे. मग शिक्षक गुरांच्या मागे कुरणात जाऊ लागले. गुरं चरतात तोवर झाडाखाली शाळा भरायची. तिचं नाव कुरणशाळा. तिथे फळा नाही, घंटा नाही. खडे आणि बिया घेऊन मोजायचं, पानं गोळा करायची, गाणी म्हणायची, गोष्टी सांगायच्या आणि हळूहळू अक्षरं शिकायची. गाय लांब गेली तर उठून वळवून आणायची आणि परत येऊन बसायचं. मला ही शाळा जाम आवडली.

भावंडं सांभाळणाऱ्या मुलींसाठी त्यांनी आणखी एक युक्ती केली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी ठेवली. तिला विकासवाडी म्हणत. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन यायची. तान्हं बाळ पाळणाघरात, जरा मोठं बालवाडीत आणि बहीण आपल्या वर्गात. कोणाला घरी बसायला नको.

ताराबाईंच्या कामाबद्दल भारत सरकारने १९६२ साली त्यांना पद्मभूषण दिलं. १९७३ साली त्या वारल्या. तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या. त्यांच्यामागे कोसबाडचं काम अनुताईंनी चालवलं. अनुताईंना पद्मश्री मिळाली आणि १९९२ साली त्या वारल्या. त्यांनी कोसबाडच्या टेकडीवरून नावाचं पुस्तक लिहिलं आहे. मोठी झाल्यावर मी ते वाचणार आहे.

चरित्र इथे संपलं. पण मला थोडं पुढे लिहायचं आहे, कारण पालक वाचणार आहेत.

टेकडीवरच्या त्या तासानंतर आम्ही दर शनिवारी बाईंबरोबर वर जातो. गोष्टी सांगायला कधी माझ्या मैत्रिणीची आजी असते, तर कधी माझे आजोबा येतात. आजोबा आगरी आहेत. ते खाडीचं पाणी आणि मिठागरं यांच्या गोष्टी सांगतात. भरती कधी येते ते चंद्र बघून ओळखायला त्यांनी आम्हाला शिकवलं. अमावास्या-पुनवेला मोठी भरती येते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला लहान भरती येते, तिला भांग म्हणतात. वरून आजोबा हात करून दाखवतात, की तिकडे भात व्हायचं, तिकडे मीठ पिकायचं. १९७० साली सिडको आली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. उलव्याची टेकडी तर विमानतळासाठी कापून सपाट केली. विमानतळ मोठा आहे, मला विमानात बसायला आवडेल. पण माझ्या मनात येतं, की आपली टेकडी गेली तर ही गोष्ट सांगताना आजी हात कुठे दाखवील? आणि कुर्डू, भारंगी, खैर यांची नावं कोण कशासाठी पाठ करील? म्हणून टेकडी आहे तोवर आपण सगळ्यांनी ती वाचून घेतली पाहिजे. आपण पुस्तक वाचतो तशी.

आता माझी मैत्रीण माझ्याशेजारी बसते. मी तिला जोडाक्षरं सांगते आणि ती मला झाडं सांगते. तिला आता टाकळा, भारंगी, कुर्डू असे शब्द न चुकता लिहिता येतात. गेल्या आठवड्याच्या शुद्धलेखनात तिच्या फक्त चार चुका आल्या. माझ्या तीन आल्या.

पण दिवाळी जवळ आली आहे. मैत्रीण सांगत होती की या वर्षीपण त्यांना भट्टीवर जायचं आहे. तिच्या वडिलांनी पावसात उचल घेतली आहे, ती फेडावी लागते. ती हे सांगताना रडली नाही, मीच रडले. मी बाईंना सांगितलं. बाईंनी सांगितलं, की ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवरच मुलांसाठी शाळा चालत होत्या. भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात, म्हणून ती भोंगाशाळा. म्हणजे ताराबाईंची कुरणशाळा पुढे भट्टीवर पण गेली. बाई आता तिला शिक्षण हमी कार्ड भरून देणार आहेत. ते कार्ड दाखवलं की भट्टीजवळच्या शाळेत तिला बसवून घेतात. पण कार्ड नुसतं पिशवीत राहिलं तर काही उपयोग नाही. तिला कोणीतरी शाळेत नेऊन सोडायला पाहिजे.

म्हणून माझी पालकांना विनंती आहे. वाडीतल्या आईवडिलांनी भट्टीवर गेल्यावर पहिल्या दिवशीच ते कार्ड घेऊन मुलांना शाळेत न्यावं. ज्यांना जमेल त्यांनी मुलांना आजीजवळ ठेवावं, म्हणजे आपली शाळा सुटणार नाही. आजीजवळ राहणाऱ्या मुलांना सकाळी आणायला आम्ही पाच जणी वाडीत जाणार आहोत. माझ्या आईने मैत्रिणीच्या डब्यासाठी एक भाकरी जास्त करायचं कबूल केलं आहे. गावातल्या इतर आयांनीपण एकेक भाकरी जास्त केली तर वाडीतली सगळी मुलं राहू शकतील. आम्ही हिशेब केला आहे. वाडीतली सात मुलं जातात, म्हणून सात भाकऱ्या लागतील.

शनिवारी मैत्रिणीची आई शाळा बघायला येणार आहे. तिला वाचता येत नाही. मी इथे भिंतीजवळ उभी राहून तिला हा सगळा लेख वाचून दाखवणार आहे. शेवटचा भाग मैत्रीण स्वतः वाचणार आहे. तिची तयारी झाली आहे.

थोर ताराबाई मोडक यांना माझं वंदन.

खालच्या कागदावर अकरा पानं चिकटवली आहेत. पानांची नावं माझ्या मैत्रिणीने सांगितली आणि तिनेच लिहिली आहेत. पानं सुकलेली आहेत, कृपा करून हात लावू नये.

– इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी